मांडी घातलेलं लेकरू

नातेवाइकांशी बोलावं लागू नये म्हणून मी पॅथॉलॉजी घेतली. मुलाखतीत हे सांगितलं नव्हतं, पण खरं कारण तेच. पेशंट बोलतो, त्याचे नातेवाईक त्याहून जास्त बोलतात, काचपट्टीवरचा तुकडा मात्र बोलत नाही. जे आहे ते दाखवतो. अकलूजला आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. वडील तिथल्या लॅबमध्ये उसाचा रस तपासायचे आणि संध्याकाळी शांत चेहऱ्यानं घरी यायचे. मलाही तसंच घरी यायचं होतं.

सोलापुरातल्या मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागले आणि इथलीच झाले. काम काय, तर तुकडे पाहायचे आणि मधूनमधून शवविच्छेदन. आमच्या अपार्टमेंटमधल्या बायका भिशीच्या दिवशी मला पोळ्या लाटायला बसवत नाहीत. "तुम्ही नका ताई, तुम्ही आरामात बसा," म्हणतात. प्रश्न माझ्या आरामाचा नसतो, माझ्या हातांचा असतो. मला कळतं. मी आरामात बसते. आयती पुरणपोळी मिळत असेल तर मी कशाला वाद घालू?

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. हवा कोंदट, आभाळ नुसतं भरून येई आणि कोरडंच उलटून जाई. तालुक्यांतून लहान मुलं यायला लागली. सगळ्यांची गोष्ट एकसारखी. सकाळी अंगणात खेळत होतं, दुपारी ताप चढला, संध्याकाळी उलट्या आणि झटके, इथं पोचेपर्यंत बेशुद्ध. वॉर्डातले डॉक्टर 'मेंदूज्वर' लिहीत. पण मेंदूज्वर हे काही एका आजाराचं नाव नव्हे. कुठल्या विषाणूनं तो आला हे कळायला पाठीतलं पाणी काढावं लागतं, आणि डोक्यात इतकी सूज असलेल्या मुलाच्या पाठीत सुई घालायला कुणाचा हात धजत नाही. तपासणीचं ठरेपर्यंत मूल गेलेलं असे.

अशा वेळी एकच वाट उरते. जिवंतपणी जे घेता आलं नाही ते गेल्यावर घ्यायचं. विषाणू कुठला ते समजलं तर फवारणी कुठं करायची, डासासाठी की आणखी कशासाठी, लस आहे की नाही, हे पुढचं ठरतं. गेलेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. शेजारच्या घरातल्या मुलाला आहे.

यासाठी आता शरीर उघडावंही लागत नाही. जाड सुईनं लिव्हरचा, फुप्फुसाचा, मेंदूचा बारीक तुकडा घेता येतो. बाहेरून टोचल्याच्या खुणेपलीकडे काही दिसत नाही. पण पोलिसांची केस नसेल तर आईबापांच्या संमतीशिवाय मुलाला हात लावता येत नाही, आणि पोस्टमॉर्टेम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पोलीस आणि चिरफाड दोन्ही येतं. त्या हंगामात तोवर एकाही घरानं 'हो' म्हटलं नव्हतं.

एका सकाळी माझ्या हाताखाली शिकणारी डॉक्टर वॉर्डातून परत आली ती ओढणीनं मान पुसतच.

"मॅडम, ते ऐकत नाहीत. आजोबा अंगावर येतायत."

"मारलं का?"

"नाही."

"मग आले नाहीत अंगावर. चल."

ती आली नाही. मी एकटीच गेले.

मुलांच्या वॉर्डाशेजारी नातेवाइकांशी बोलायची एक खोली आहे. आधी तिथं गाद्या ठेवत. खिडकीत कूलर बसवलेला, तो बंद, त्यामुळे खिडकीही बंद. दार फुगलेलं, उचलून ओढल्याशिवाय हलत नाही. आत एक टेबल आणि खुर्च्या. टेबल इतकं मोठं की त्याच्यामागं एकदा बसलं की समोरचा माणूस उठल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. मी नेमकी तिथंच जाऊन बसले.

समोर चौघं होती. धोतर नेसलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, असे आजोबा. त्यांच्या शेजारी आजी. भिंतीला टेकून उभा मुलाचा बाप, तिशीचा, टेम्पो चालवणारा. आणि कोपऱ्यात फरशीवर मुलाची आई. एक खुर्ची रिकामी होती. तीवर तिला कुणी बसवलं नव्हतं आणि ती आपण होऊन बसली नव्हती. गेलेला मुलगा तिचा थोरला, अजून शाळेत न घातलेला. धाकटी मुलगी गावी शेजाऱ्यांकडे ठेवली होती. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, घर लिंगायत. आपसांत कानडी, माझ्याशी मराठी.

"चिरायचं न्हाय," आजोबांनी सुरुवातच तिथून केली. "तुमी काय बी सांगा. लेकरू आमच्या ताब्यात द्या."

"चिरत नाही आम्ही. सुईनं तपासतो."

"सुई काय आन् सुरी काय."

आजी मध्येच बोलल्या. "आन् बघायचं काय राहिलंय त्यात? मी सांगते की कशानं गेला. हिनं गोळी दिली." त्यांनी कोपऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आमी शेतात. ह्यो टेम्पोवर. घरात ही शाणी. ताप आला तर मला हाक मारायची का न्हाय? स्वतःच डॉक्टर झाली."

"कसली गोळी?" मी आईला विचारलं.

उत्तर आजींनीच दिलं. "डब्यातली."

हळूहळू चित्र उभं राहिलं. त्यांच्या घरात देव्हाऱ्याखाली पत्र्याचा एक डबा होता आणि सगळ्यांच्या गोळ्या त्यातच. तापाच्या, अंगदुखीच्या, आजीच्या गुडघ्याच्या आणि आजोबांच्या हृदयाच्या. पाकिटातून कापलेल्या, अर्ध्या-अर्ध्या, नाव फाटून गेलेल्या. त्यातली तापाची म्हणून एक पांढरी गोळी आईनं मधात उगाळून मुलाला दिली होती. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. मग झटके आले.

"हृदयाची म्हणजे रक्त पातळ करायची?" मी आजोबांना विचारलं.

"व्हय. बारकी, पांढरी."

मी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. रक्त पातळ करणारी ती गोळी विषाणूच्या तापात लहान मुलाला दिली तर क्वचित लिव्हरमध्ये चरबी भरते, मेंदू सुजतो, झटके येतात आणि मूल दगावतं. वरून पाहिलं तर अगदी मेंदूज्वरासारखंच. म्हणजे आजी जे रागानं बोलत होत्या ते खरंही असू शकत होतं. आणि ते खरं की खोटं हे दाखवणारी एकच गोष्ट होती. मी जी मागायला आले होते ती सुई.

हे या खोलीत बोलून दाखवता येत नव्हतं. बोलले असते तर न तपासताच त्या बाईवर शिक्का बसला असता. आणि न बोलता तिची संमती घेतली असती तर मी तिला फसवलं असतं. दुसरी खोली नव्हती. दार आजोबांच्या पाठीमागं होतं. ब्लाउजमधला घाम पाठीवरून कमरेपर्यंत आला होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"करा."

"काय?" बाप म्हणाला. तो पहिल्यांदाच बोलला.

"सुईनं करा. मला कळायला पायजे."

"बघा," आजी म्हणाल्या, "पोटच्या पोराला टोचा म्हणतीय. हिला आई म्हणायचं. तुला कुणी विचारलंय गं?"

"यांनी विचारलंय की," आई माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली. "मगाधरनं त्याच विचारायल्यात. तुमी बोलू देत न्हाय."

मी उठले. "आईला एकदा मुलाला बघून घ्यावं लागतं. नियम आहे. या तुम्ही." असा काही नियम नाही. आजोबांना खुर्ची सरकवावी लागली, मग दार उचलून ओढलं आणि आम्ही दोघी व्हरांड्यात आलो. आजी उठेपर्यंत मला जेवढा वेळ मिळणार होता तेवढ्यात सांगायचं होतं, म्हणून सरळच सांगितलं.

"हे बघ बाई. तपासणीत विषाणू निघाला तर तू सुटलीस. पण तुझी गोळी आजोबांच्या पाकिटातली असली तर तेही निघू शकतं. आणि काहीच निघालं नाही असंही होतं. मग तू आहेस तिथंच राहशील. कळलं का?"

ती चालता चालता थांबली नाही. "आत्ता कुठं हाय मी?" म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या तर घरात पाऊल ठेवू देणार न्हाय म्हणतायत. पोरगी पण ठेवून घेणार. काय निघायचं ते निघू द्या. पण निघू द्या."

मागून बांगड्यांचा आवाज आला आणि आम्ही गप्प झालो.

मुलाला वॉर्डाच्या कडेच्या खोलीत ठेवलं होतं. आमच्या सिस्टरनी नेहमीप्रमाणे सगळं नीट केलं होतं. डोळे मिटलेले, हात अंगालगत सरळ, हनुवटीखाली पट्टी, आणि पायांचे अंगठे गॉजच्या पट्टीनं एकमेकांना बांधलेले. वर स्वच्छ पांढरी चादर. तीस वर्षं मी असेच देह पाहत आले होते.

आजींनी चादर पायाकडून वर केली आणि तोंडावर पदर घेतला. त्या ओरडल्या नाहीत. कानडीत काहीतरी पुटपुटल्या. तोवर आजोबा आणि बाप येऊन पोचले होते.

"हे कुणी केलं?" आजोबांनी विचारलं.

"काय?"

"पाय. हे पाय कुणी बांधले? लेकरू ताठ करून ठेवलंय लाकडासारखं. आमच्यात आडवं करत न्हाईत बाई. आमी बसवतो. मांडी घालून, लिंग हातात देऊन. तसंच नेतो आन् तसंच समाधीत ठेवतो. आता ह्याला बसवू कसा? ताठला तर काय गुडघे मोडू त्याचे?"

सोलापुरात राहून मला हे माहीत नव्हतं असं नाही. फुलांनी सजवलेल्या पालखीवजा विमानात बसवून वाजतगाजत चाललेले देह मी रस्त्यात थांबून पाहिले आहेत. पण दवाखान्यात देह आडवाच असतो. तो पुढं बसणार आहे हा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. सिस्टरनी मायेनं केलेली गोष्ट या घराला अपमान वाटली होती. आणि पलीकडच्या खोलीत मी सुईबद्दल बोलत असताना या लोकांच्या डोक्यात सगळा वेळ गुडघे होते. अंगावर येत होते ते त्यासाठी. उशीर होत होता.

मी आधी अंगठ्यांची पट्टी कापली. मग जबडा दाबून पाहिला. घट्ट झाला होता. मान धरायला लागली होती. कोपर थोडं कुरकुरत वळलं. गुडघे मात्र अजून मोकळे होते.

"अजून वळतायत," मी म्हटलं. "पण लवकर. आत्ताच बसवा."

"आन् तुमची सुई?" आजोबांनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत आई बोलली. "आधी बसवा. मग बसल्या जागी घेऊ दे त्यांना काय घ्यायचं ते. तसं जमत न्हाय का मॅडम?"

मी विचार केला. बसलेल्या माणसाची तपासणी मी कधी केली नव्हती, कुणी केल्याचं ऐकलंही नव्हतं. लिव्हर उजव्या बरगड्यांमधून घेता येईल. फुप्फुसं मागून. मेंदूसाठी मानेच्या मागं, कवटीच्या तळाशी सुई घालायची, आणि त्याला मान पुढं झुकलेली असली तर उलट बरंच.

"जमेल," मी म्हटलं. "कुणीतरी धरून ठेवावं लागेल."

आता सगळे आजोबांकडं बघायला लागले. बाप तर त्यांच्याकडं बघतच जन्माला आला असावा. आजोबांनी आजीला विचारलं, "एनु माडोदु?" काय करायचं, म्हणून.

"बेडा," आजी म्हणाल्या. नको. मग मराठीतही म्हणाल्या, बहुधा मला ऐकू यावं म्हणून. "नको. गेलेल्याला किती छळायचं?"

आजोबांनी पोराच्या मोकळ्या पायांकडं पाहिलं. मग गळ्यातल्या डबीवर हात ठेवून म्हणाले, "डब्यातली गोळी माझी हाय. हिनं दिली असंल, पण गोळी माझी. मला बी कळायला पायजे." आणि आपल्या मुलाकडं वळून, "सही कर रे. बघत उभा राहू नगं."

बापानं सही केली. सही करताना त्यानं पहिल्यांदाच बायकोकडं पाहिलं. तिनं नाही पाहिलं त्याच्याकडं.

आमच्या विभागातली खोली अगदी साधी आहे. दगडी टेबल, नळ, वर एक दिवा. मी आजोबांना गाऊन, मास्क, हातमोजे दिले. नातेवाइकांना आत घेत नाहीत, पण धरायला दुसरं कोण होतं? चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या. इथल्या फरशीवर अनवाणी नको, म्हणून मला त्यांच्याशी वाद घालावा लागला. शेवटी प्लॅस्टिकचे पायमोजे कसेबसे चढवले.

मुलाला त्यांनीच बसवलं. एक पाय वळवला, त्यावर दुसरा. पांढऱ्या धोतराची पट्टी कमरेमागून गुडघ्यांभोवती घेऊन बांधली. हात मांडीवर आणले आणि डावा तळवा वर केला. त्यात नंतर लिंग ठेवायचं होतं. मग ते टेबलाच्या कडेला उभे राहिले आणि त्याचे दोन्ही खांदे त्यांनी धरले. पंगतीत पेंगणाऱ्या पोराला मागून सावरतात तसे.

मी कामाला लागले. लिव्हर, पुन्हा लिव्हर, कारण त्या बाईसाठी माझा सगळा भार लिव्हरवर होता. मग पाठीतून फुप्फुसं. मग मी मागं गेले आणि मानेवरचे केस बाजूला केले. मुलाला तेल लावलेलं होतं. बोट सरकत होतं.

"दुखत न्हाय न्हवं?" आजोबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. नोकरीत मला एवढ्या खात्रीनं उत्तर देता येईल असे प्रश्न फार कमी विचारले गेले आहेत.

तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत गेले. काही माझ्याकडच्या काचपट्ट्यांसाठी, काही बर्फात घालून पुण्याच्या प्रयोगशाळेसाठी. टोचलेल्या जागा मी पुसून बंद केल्या. आजोबांनी एकेक तपासली आणि मान डोलावली. भर दुपारी ते सगळे मुलाला घेऊन गेले. बापाच्याच टेम्पोत, हौद्यात आजोबांच्या कुशीला टेकून मूल बसलेलं होतं. आई मागच्या कडेला होती. आजींनी आपल्या नि तिच्या मध्ये पाण्याची कळशी ठेवली होती. ती तिथं का होती मला माहीत नाही. बहुधा दोघींच्या मध्ये काहीतरी असावं म्हणून.

लिव्हर मी लगेच पाहिलं. चरबीसाठी वेगळा रंग द्यावा लागतो, तो देऊन पाहिलं. भरलेल्या पेशी शोधत होते आणि त्या दिसू नयेत असं वाटत होतं. असं वाटणं आमच्या कामात बरं नाही, कारण डोळा मग हवं ते बघतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. चरबी नव्हती. मेंदूच्या तुकड्यात मात्र रक्तवाहिन्यांभोवती पेशींची दाटी झालेली. विषाणूचं काम वाटत होतं. पण वाटतंय हे मी कागदावर लिहू शकत नाही. पुण्याहून काय ते कळायला हवं होतं, आणि तिथं सगळ्या जिल्ह्यांची रांग लागली होती.

मधल्या काळात मी एकदा नवी पेठेत फॉल लावायला दिलेली साडी आणायला गेले. परकर-टॉवेलच्या एका अरुंद दुकानात, गठ्ठ्यांच्या आड, एक बाई परकरांच्या घड्या घालताना दिसली. ती आई होती. दुकान तिच्या भावाचं. सासरहून तिला इथं आणून सोडलं होतं. मुलीला त्यांनी ठेवून घेतलं होतं. दुकानाच्या माळ्यावर ती झोपायची. माळ्याला खिडकी नव्हती.

"आला का पुण्याहून?" तिनं विचारलं. नमस्कार वगैरे काही नाही.

"नाही अजून. पण लिव्हर ठीक आहे. मी पाहिलं."

"म्हंजे गोळी न्हाय?"

"बहुतेक नाही."

तिनं हातातली घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली. "बहुतेक घरात चालत न्हाय मॅडम. बहुतेकवर पोरगी देणार न्हाईत त्या."

गल्ल्यावरून वहिनी म्हणाली, "आमच्यात तरी काय चालतंय? दोन महिने म्हणून आली, आता दिवाळीचा माल कुठं ठेवू मी, हिच्या अंथरुणावर?" ती वाईट बाई नव्हती. जागाच तेवढी होती. मला ऐकवून झाल्यावर तिनं मला परकर घेण्याचा आग्रह केला. मी दोन घेतले.

बाहेर पडताना आई म्हणाली, "फोन नगा करू. भाऊ उचलतोय, मग तो सांगतोय सगळ्यांना. मीच येईन." आणि ती यायची. दुपारी दुकान रिकामं असताना चालत. माझ्या दाराबाहेरच्या बाकावर बसायची. मी 'नाही' अशी मान हलवली की उठून जायची. मला माझ्या स्वतःच्या खोलीतून बाहेर पडणं नको वाटू लागलं. चहासाठी सुद्धा मागच्या जिन्यानं जात असे.

पुण्याहून उत्तर आलं तेव्हा मी सगळ्यांना बोलावलं. जमण्यासारखी तीच एक खोली होती. बंद कूलर, फुगलेलं दार. मी पुन्हा टेबलामागं. या वेळी आजी दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, धाकटी मुलगी मांडीवर घेऊन. आई आधीच येऊन थांबली होती. मुलीनं आईला पाहिलं आणि आजीच्या पदरात तोंड घातलं. रुसली होती. इतक्या दिवसांनी आई दिसल्यावर पोरं धावत जातात असं आपल्याला वाटतं.

मी फिरवून सांगितलं नाही. "मुलगा विषाणूनं गेला. मेंदूत विषाणू सापडलाय. गोळीनं नाही. लिव्हर चांगलं होतं. गोळी दिली नसती तरी हेच झालं असतं."

"तुमी सोता बघितलंय?" आजोबांनी विचारलं.

"दोनदा."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि डोळे मिटले. बाप बायकोजवळ जाऊन उभा राहिला. भिंत सोडली हेही त्याच्या मानानं खूप होतं. सुटली बिचारी, असं मला वाटलं. काम संपलं, आता उठावं, काचपट्ट्या पडल्या आहेत.

"कुठनं आला त्यो?" आजींनी विचारलं.

हे सांगणं भागच होतं. आरोग्य खात्याची माणसं दुसऱ्याच दिवशी गावात जाणार होती. "वाळूमाशी म्हणून असते. डासाहून बारकी. आवाज करत नाही. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते, गोठ्याच्या आसपास. ती चावल्यावर येतो हा विषाणू. भेगा लिंपून घ्या, गोठा कोरडा ठेवा. फवारणी होईल. मुलीला भिंतीपासून लांब झोपवा."

बोलता बोलताच खोलीतलं काहीतरी बदललं हे माझ्या लक्षात आलं. बापानं आजीकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. आजोबांनी डोळे उघडले.

"गोठ्याची भिंत," आजी म्हणाल्या. मुलीच्या पाठीवर फिरणारा त्यांचा हात थांबला. "त्यो माज्यापाशीच निजायचा. गोठ्याच्या भिंतीकडनं. ही म्हणायची, आत घेते, हवा लागंल. मीच नगं म्हणायचे. गार वाटतंय म्हणून."

मी एका बाईला बाहेर काढायला गेले होते आणि तिच्या जागी दुसरीला बसवलं होतं. त्या खोलीत कुणा एकाला तरी कोपऱ्यात बसावंच लागतं, असं दिसत होतं.

आईनं आजीकडं सरळ पाहिलं. इतके दिवस माळ्यावर झोपलेल्या बाईला आता बोलायला खूप होतं, आणि कुणी तिला अडवलं नसतं. मी ते ऐकायची तयारी केली.

ती माझ्याकडं वळली. "मॅडम, कुठल्या भिंतीतली माशी चावली ते कळतंय का सुईत?"

"नाही."

"कवा चावली ते?"

"तेही नाही. अंगणात, शेतात, कुणाच्याही घरी चावू शकते."

"मंग झालं," ती म्हणाली. "कळत न्हाय ते न्हाय." आणि बापाला, "पिशव्या घ्या. बस जाईल."

बापानं पिशव्या उचलल्या. आजोबा उठले. आजी उठल्या नाहीत. मुलगी त्यांच्या मांडीवरून घसरून खाली उतरली आणि टेबलाच्या पायाशी खेळायला लागली.

"आत्या, चला."

"तुमी व्हा म्होरं."

"मोटार जाईल की."

"जाऊ दे. मी येते मागनं."

मागून त्या कशा येणार होत्या, हे त्यांनाही माहीत नसावं. आईनं शेजारची खुर्ची ओढली आणि सासूजवळ बसली. जवळ म्हणजे अगदी लगटून नाही. मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर होतं. "दुसरी हाय तासाभरानं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी च्या घेऊन या सगळ्यांना."

बापानं दार उचलून ओढलं आणि तो गेला. आजोबा पुन्हा बसले. कामाला जायचं तर मला या दोघींना उठवावं लागलं असतं. उठा म्हणण्याइतकी मी कोरडी असेन असं मला वाटलं होतं, पण म्हटलं नाही. मीही टेबलामागं बसून राहिले. मुलगी टेबलाखालून माझ्या चपलेचा पट्टा सोडत होती आणि लावत होती. मी पाय हलवला नाही. चहा आला तेव्हा बापानं माझ्यासाठीही आणला होता. लई गोड होता. सगळा प्याले.